कोड लिहिला कुणी, मालक कोण?

पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला सहा महिन्यांसाठी माणूस हवा असला, की आधी हिशेब होतो पैशांचा. फ्रीलान्सरला ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा. बिलातून टीडीएस कापला की झालं. खरी मेख १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनीच. फ्रीलान्सरच्या कोडचा मालक मात्र तो स्वतः, बिल चुकतं केलं तरी! लेखी हस्तांतर हवंच. त्यात मुदत नसेल तर ते ५ वर्षांचंच धरतात. ‘आधी कंत्राट, मग नोकरी’ अशा वाटेने आलेला माणूस बहुधा एजन्सीच्या पगारावर असतो, म्हणजे हक्कही आधी तिच्याकडे. माणूस टिकवायचा असेल तर मला तरीही हीच वाट बरी वाटते. फक्त एजन्सीचा करार नीट वाचून घ्यावा.