ब्रेक पॅड नवीन, तरी गाडी डावीकडे ओढते

या आठवड्याच्या व्हिडिओत गिऱ्हाइकाची तक्रार कशी ऐकायची यावर बोललो. त्यातली माझ्या गाडीची गोष्ट अर्धवट राहिली, ती इथे लिहितो. यावेळी गिऱ्हाईक मीच होतो.

माझं चौलला इलेक्ट्रिक सामानाचं आणि मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. घरची गाडी हायवेवरच्या एका अधिकृत डीलरच्या वर्कशॉपला दिली होती. पुढचे ब्रेक पॅड बदलले, बिल भरलं, निघालो. कार्ले खिंडीच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. मागे आई बसलेली. कसाबसा घरी पोचलो.

फोन केला तर अ‍ॅडव्हायझर म्हणाले, "सर, पॅड नवीन आहेत, बसायला वेळ लागतो." हे अर्धं खरं आहे. नवीन पॅड डिस्कवर बसेपर्यंत पकड थोडी कमी वाटते, आवाजही येतो. पण एका बाजूला ओढणं त्यात येत नाही. ब्रेकच्या बाबतीत 'बघू चार दिवस' चालत नाही. गाडी उभी केली.

ओळखीच्या मेकॅनिककडे चाक उघडावं असं फार वाटलं. नाही उघडलं. दुसऱ्याचा हात लागला की पहिला मोकळा होतो. आपणही दुकानात पहिला प्रश्न हाच विचारतो ना, "बाहेर कुठे उघडलाय का?" त्याऐवजी ईमेल केला: जॉब कार्ड नंबर, तारीख, किलोमीटर, कुठे काय झालं. 'फसवलंत' हा शब्द कुठेच नाही. मागणी एकच, गाडी टोइंगने न्या आणि माझ्यासमोर तपासा. दुसऱ्या दिवशी नेली.

काम देतानाच मी जुने पॅड परत मागितले होते. तेच कामी आले. फोरमनसमोर ठेवले. उजव्या चाकाच्या जोडीतला एक पॅड जवळजवळ लोखंडापर्यंत घासलेला, दुसऱ्यात अर्धा माल शिल्लक. फोरमन काही बोलले नाहीत, सरळ चाक उघडलं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून अडकलेली. त्यामुळे उजवं चाक कमी धरत होतं आणि गाडी डावीकडे जात होती. आपल्या खाऱ्या हवेत गंज येतोच, तो त्यांचा दोष नाही. पण बिलात 'ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग'चे पैसे होते, आणि ती पिन कोणी बाहेर काढलेलीच नव्हती.

पिना बदलल्या. पिनांचे पैसे मी दिले, ते रास्तच. मजुरी घेतली नाही, ग्रीसिंगचे पैसे परत मिळाले. जॉब कार्डवर मात्र 'गुडविल म्हणून मोफत' लिहिलं होतं. मी अडून बसलो आणि 'आधीच्या कामातील त्रुटी' असं लिहून घेतलं. मॅनेजरना आवडलं नाही. पण 'गुडविल' म्हणजे उपकार, आणि पुढे वाद झालाच तर हा कागद आपल्या बाजूने बोलायला हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवेतील त्रुटी' हाच शब्द आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोग आपल्या अलिबागलाच आहे, तक्रारीची मुदत २ वर्षं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.

आता काउंटरच्या आतल्या बाजूने बघा. अ‍ॅडव्हायझरचं ते वाक्य ऐकून मला राग आला, कारण ते माझंच होतं. मागच्या वर्षी रेवदंड्याच्या एक ताई दुरुस्त केलेला मिक्सर दोनदा परत घेऊन आल्या. दोन्ही वेळा न उघडता मी म्हणालो होतो, "ताई, कार्बन नवीन आहेत, बसायला वेळ लागतो."

हल्ली प्रत्येक दुरुस्तीबरोबर काढलेला जुना भाग पिशवीत घालून देतो आणि तिसऱ्या दिवशी फोन करतो. त्या ताईंनाही केला. म्हटलं, घेऊन या, पैसे न घेता बघतो.

"अहो, मी अलिबागहून नवीन घेतला," त्या म्हणाल्या.