पुरुषांचे ओटीपोटाचे दुखणे आणि अँटिबायोटिके

हुबळी आणि धारवाड यांमधील वीसएक किलोमीटरचा रस्ता रोज दुचाकीवरून कापणारा एखादा चाळिशीतला गृहस्थ घ्यावा. त्याच्या ओटीपोटात, जांघेत आणि बैठकीच्या जागी दुखू लागते. लघवीला आग होते. प्रथम तो उन्हाळी लागली असे समजून सब्जा पितो. हे दुखणे घरात बोलण्याचा संकोच, डॉक्टरांपुढेही संकोच. मग औषधाच्या दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या येतात. आठवडाभर बरे वाटते, महिन्याने दुखणे परतते आणि पुन्हा तीच गोळी आणली जाते.

मूत्राशयाच्या खाली असलेल्या अक्रोडाएवढ्या प्रोस्टेट ग्रंथीला जंतूंची लागण होते, हे खरे. थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली, तर अँटिबायोटिक ताबडतोब द्यावेच लागते. वरील गटातील औषधे ग्रंथीच्या आत चांगली पोचतात, म्हणूनच डॉक्टर ती निवडतात. परंतु महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यात दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांच्या ठिकाणी जंतू सापडतच नाहीत. तेथे बहुधा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले असतात, नसा हळव्या झालेल्या असतात. दुखणे मुळातच चढउताराचे. ते आपोआप उतरले तरी श्रेय गोळीला मिळते.

बरे, गोळी निरुपद्रवी असती तर एवढी चिंता नव्हती. मळमळ व अतिसार यांचे पुष्कळांना काही वाटत नाही. पण या औषधांनी टाचेमागील जाड कंडरा सुजते आणि क्वचित तुटतेही. साठी ओलांडलेल्यांना व स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्याबद्दल माहितीपत्रकात चौकटीतील इशारा छापावयास लावला. २०१३ साली हातापायांच्या नसांना होणाऱ्या, प्रसंगी कायम राहणाऱ्या इजेचा आणि २०१८ साली हृदयातून निघणारी महारोहिणी फाटण्याचा इशारा देण्यात आला. मधुमेह्यांची साखर एकाएकी खाली जाऊ शकते. त्याच २०१८ साली युरोपीय औषध संस्थेने जंतुविरहित प्रोस्टेटदाहात ही औषधे देऊच नयेत, असे ठरविले.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. स्नायू सैल व्हावेत म्हणून टिझानिडीन घेणाऱ्याने सिप्रोफ्लॉक्सासिन घेतल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने घसरतो. शिवाय लिव्होफ्लॉक्सासिन हे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरही वापरतात. ते असे उधळल्यास क्षय काही काळ झाकला जातो, निदान लांबते.

लिव्होफ्लॉक्सासिनची विक्री १ मार्च २०१४ पासून एच-१ परिशिष्टाखाली येते. चिठ्ठीशिवाय ते देऊ नये, विक्रीची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. नियम आहे इतकेच!

गोळी सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करून घ्यावे. उत्तर यावयास दोनतीन दिवस लागतात. ताप नसेल तर तेवढे थांबता येते. १९५७ साली स्थापन झालेले व हुबळीकर आजही 'किम्स' म्हणून ओळखतात ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालय याच रस्त्याच्या काठी आहे. जंतू न सापडल्यास टॅमसुलोसिनसारखे औषध, स्नायू सैल करण्याचे व्यायाम आणि कोमट पाण्यात बसणे यांचा अनेकांना उपयोग होतो. गोळी चालू असता टाच दुखू लागली किंवा पायाला मुंग्या आल्या, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.