आधी ब्रश, मग पाणी

मारुती ओम्नीला नेहमीसारखं बॉनेट नाही. 1984 मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या आणि 2019 पर्यंत बनत राहिलेल्या या गाडीचं 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं असतं. वरून सीट उचलावी लागते, खालून मात्र ते बरंचसं उघडं. रस्त्यावरची धूळ थेट तिथे जाऊन बसते आणि कुठे ऑइल पाझरत असेल तर तिचा काळा लेप तयार होतो. मग सणासुदीच्या आधी गाडी वॉशिंग सेंटरला जाते आणि इंजिनावर पहिल्याच झटक्याला पाण्याचा फवारा बसतो. पाणी इंजिनाचा वैरी आहे असं नाही. चुकतो तो क्रम.

दख्खनच्या पठारावरची धूळ म्हणजे बऱ्याच अंशी बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीचा भुगा. त्यातली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाण्याचे रेणू आपल्या थरांमध्ये ओढून घेतात आणि फुगतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्या ती पुन्हा आकसल्यामुळे. कोरडी असताना साध्या रंगाच्या ब्रशने सुटणारी ही धूळ पाणी लागताच चिखल होते, वायरींच्या जोडांत आणि अल्टरनेटरच्या खाचांत शिरते, तिथेच वाळते आणि पुढे ओल धरून ठेवते. ओल आणि मातीतले क्षार एकत्र आले की तांब्या-पितळेच्या टोकांवर हिरवट थर चढतो. म्हणून जे कोरडं निघतं ते कोरडंच काढावं. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारणं सोपं वाटतं, पण त्याने धूळ फक्त जागा बदलते, आणि त्यातली काही माणसाच्या फुप्फुसात जाते. जुन्या गाड्यांच्या क्लच-ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जाई, हे लक्षात घेता ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर आणि तोंडाला चांगला मास्क हाच मार्ग बरा.

आता पाण्याच्या जोराचं. दहा मीटर खोल पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. वॉशिंग सेंटरचा पंप सहज शंभर बार देऊ शकतो, म्हणजे हजार मीटर खोलीइतका. नोझलपासून दूर जाताना हा मारा झपाट्याने कमी होतो हे खरं, पण सीटखालच्या अडचणीत नोझल जवळजवळ टेकवूनच धरलं जातं आणि समोर असतात वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक झालेली रबरी सीलं. कार्ब्युरेटरच्या ओम्नीत डिस्ट्रिब्युटर आहे. तिथे बारा व्होल्टचे कॉइलने हजारो व्होल्ट केलेले असतात. टोपीच्या आत ओलसर मळाची एक रेघ उमटली तरी ठिणगी प्लगकडे जायचं सोडून त्या वाटेने निसटते.

‘पावसाळ्यात एवढ्या पाण्यातून गाडी जाते, तेव्हा काही होत नाही’ हा आक्षेप ठरलेला. पण चाकांनी उडालेल्या पाण्याला पंपाचा जोर नसतो, त्यात साबण नसतो, आणि चालत्या इंजिनाची ऊब बरीच ओल लगेच वाळवते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे साधं पाणी जिथे थबकतं तिथे साबणाचं पाणी आत झिरपतं. दुसरा आक्षेप अनुभवाचा: ‘वर्षानुवर्षं असंच धुतोय, काही बिघडलं नाही.’ जोडांवरचा गंज महिन्यांनी त्रास देतो. तोवर त्या धुण्याची आठवण कुणाला असते?

तेलकट लेपाला मात्र ब्रश पुरत नाही. तिथे डिझेल किंवा रॉकेल मारण्याची पद्धत धोक्याची आहे. डिझेलला ठिणगीचीही गरज नसते; सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास त्याची वाफ आपोआप पेटू शकते, आणि जोरात चालून आलेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी तापलेला असतो. शिवाय नैसर्गिक रबराचे भाग डिझेलने फुगतात. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थरच विरघळवतो. इंजिन हाताला पूर्ण गार लागलं की बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी (पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही), डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि हवेची वाट प्लास्टिकने बांधावी, आणि पाण्यात मिसळणारा सौम्य डिग्रीझर ब्रशने लावून ओल्या फडक्याने पुसावा. धुवायचंच असेल तर झारीतून पडेल एवढंच पाणी.

मग एवढा खटाटोप कशाला, धूळ राहू द्यावी? इंजिनाची बरीच उष्णता रेडिएटरमधून जाते, त्यामुळे ब्लॉकवरच्या धुळीने इंजिन तापतं हे बोलणं थोडं अतिशयोक्तच. खरी अडचण लेपाखाली लपणाऱ्या गळतीची आहे. पुसलेल्या इंजिनावर आठवड्याभराने टॉर्च मारला, तर ऑइल नेमकं टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून येतंय की खालच्या सीलमधून, हे लगेच दिसतं.