प्रवासासाठी नागरिकत्व विकत घेणे परवडते का?

व्हिसाच्या रांगांना विटलेल्या धनिकांपुढे दलाल हमखास कॅरिबियन बेटांचा पासपोर्ट ठेवतात. पैशांच्या मोबदल्यात नागरिकत्व देण्यास सेंट किट्स अँड नेव्हिसने १९८४ मध्ये सुरुवात केली, तर डॉमिनिकाने १९९३ मध्ये. डॉमिनिकाच्या सरकारी निधीत त्यासाठी २०२४ पासून किमान दोन लाख डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरावी लागते. ती परत मिळत नाही. दलाली निराळीच.

या पासपोर्टावर २०१५ पासून युरोपातील शेंगेन देशांत व्हिसाविना जाता येऊ लागले. अमेरिकेचा व्हिसा मात्र लागतोच. शिवाय अशी सवलत यजमान देशाच्या मर्जीवर असते. पासपोर्टविक्रीतील गैरप्रकारांचे कारण देत ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिका व वानुआतूच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. मोजलेले पैसे अर्थातच कोणी परत केले नाहीत.

भारतीयांना मोजावी लागणारी खरी किंमत वेगळीच आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. म्हणजे 'दुसरे' नागरिकत्व ही सोयच नाही. पुढे ओसीआय कार्ड मिळू शकते. पण त्यावर ना मतदान करता येते, ना शेतजमीन विकत घेता येते. निवृत्तीनंतर कोकणात वाडी घेण्याचा बेत असलेल्यांनी हे आधीच पाहावे.

याउलट शेंगेन व्हिसाचे शुल्क आहे ९० युरो. वर्षाकाठी एक-दोन सहली करणाऱ्यांसाठी दीड कोटींचा हा व्यवहार तोट्याचाच. महिन्यातून चारदा विमान पकडणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशेब कदाचित वेगळा निघेल.