पोटगीचा अर्ज माहेरच्या गावी

सासर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं, नवरा कामाला सुरतेत, आणि ती लेकरासह माहेरी अमळनेरला. खान्देशात अशी घरं पुष्कळ. पोटगीसाठी तिला सुरतेला किंवा धुळ्याला खेटे घालावे लागत नाहीत. ती राहते त्या जळगाव जिल्ह्यातच अर्ज करता येतो. पोटगीचं, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. घटस्फोटाचा दावा आधी लावावा लागतो, हा समज चुकीचा. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं, आणि बाईच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही.

खरी ओढाताण नवऱ्याच्या उत्पन्नावरून होते. ‘शेती बापाच्या नावावर आहे, मी नुसता राबतो’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून सातबारा, कापूस-केळीच्या विक्रीच्या पावत्या, पगाराचे कागद जमतील तितके आधीच गोळा करावेत. नागपूरच्या एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवलं.

निकालापर्यंत अंतरिम पोटगी मागावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पैसे थकले तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा. नवरा तुरुंगात गेला तरी थकबाकी फिटत नाही.