लढाई एकही हरला नाही, तरी राज्य फुटलं! 'क्रुसेडर किंग्ज ३' मध्ये भाऊबंदकी सुरू होते ती अशी

समजा, रात्री जेवणं उरकून तुम्ही गेम लावून बसलाय. आयर्लंडमधला एक छोटासा राजा तुमच्या हातात आहे. चार-पाच तास खपून तुम्ही अख्खं आयर्लंड जिंकता, समुद्र ओलांडून वेल्सही घेता. नकाशावर सगळीकडे तुमचाच रंग. मग एक दिवस तुमचा म्हातारा राजा अंथरुणातच जातो.

आणि पुढच्या क्षणी वेल्सचा रंग बदललेला असतो.

कुणी हल्ला केला नाही, कुणी दगा दिला नाही. झालं एवढंच, की राजाला दोन मुलं होती.

हा गेम म्हणजे 'क्रुसेडर किंग्ज ३'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने तो सप्टेंबर २०२० मध्ये आणला. युद्धाचे गेम पुष्कळ आहेत, पण यात एक गोष्ट वेगळी आहे. इथे तुम्ही देश खेळत नाही, माणूस खेळता. तो माणूस लग्न करतो, आजारी पडतो, म्हातारा होतो, मरतो. मग तुम्ही त्याचा वारस होऊन पुढे खेळता. घराण्यात वारसच उरला नाही, तर गेम संपला.

म्हणजे या गेममध्ये एक संकट कधीच टळत नाही, आणि ते म्हणजे तुमचा स्वतःचा मृत्यू.

वाटणीचा नियम काय आहे?

आपल्याला वाटतं, राजा गेला की थोरला मुलगा गादीवर बसतो, विषय संपला. गेममध्ये तसं नाही. सुरुवातीच्या काळात बहुतेक राज्यांत वाटणीचाच कायदा असतो. मुख्य गादी थोरल्याला मिळते, पण बाकीचा मुलूख धाकट्यांमध्ये वाटला जातो. त्यातही सुरुवातीचा प्रकार सगळ्यात जहाल. तुमच्याकडे दुसरं राज्य उभं राहील इतका मुलूख असेल, तर तुम्ही मरताच गेम ते राज्य तयार करतो, धाकट्याला देतो आणि तो थेट स्वतंत्र राजा होतो.

फक्त थोरल्याला सगळं देणारा कायदा मिळतो, पण फार उशिरा. तोवर पिढ्यानपिढ्या वाटण्या होत राहतात.

खरा पेच पुढे आहे. आता तुम्ही थोरला मुलगा झालात. ज्या धाकट्याला तुम्ही बाप म्हणून वाढवलंत, ज्याचं लग्न लावून दिलंत, तोच आता तुमचा प्रतिस्पर्धी. त्याच्या गादीवर तुमचा दावा, तुमच्या गादीवर त्याचा. बापाच्या जिवावर झालेले लष्करी करार बापाबरोबरच संपतात. लोक बापाला घाबरत होते, तुम्हाला कोण घाबरतो?

सरदार संधीच शोधत असतात

नवा राजा म्हटलं की सरदारांची मर्जी आपोआप खाली येते. मग नाराज सरदार गट बांधतात. एका गटाला स्वतंत्र व्हायचं असतं, दुसऱ्याला राजाचे अधिकार कमी हवे असतात, तर तिसऱ्याला राजाच बदलायचा असतो. या तिसऱ्याला आयता उमेदवार लागतो आणि तो सहसा तुमचा भाऊ किंवा काका असतो.

गटाची ताकद तुमच्या फौजेच्या जवळपास पोचली की असंतोषाचा आकडा चढू लागतो. तो भरला की निरोप येतो, मागणी मान्य करा नाहीतर लढा. नाही म्हणालात, की यादवी सुरू.

हे गेमवाल्यांनी मनाने रचलंय का?

अजिबात नाही. गेम सुरू करताना १०६६ हे वर्ष निवडता येतं. त्याच वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. १०८७ मध्ये तो वारला. थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी मिळाली, दुसऱ्या विल्यमला इंग्लंड आणि धाकट्या हेन्रीला फक्त पैसा.

अडचण सरदारांची झाली. अनेकांच्या जमिनी समुद्राच्या दोन्ही बाजूंना होत्या. दोन भावांपैकी एकाशी इमान राखायचं म्हणजे दुसऱ्याशी वैर. त्यामुळे वर्षभरातच, १०८८ मध्ये, काही बड्या सरदारांनी रॉबर्टला इंग्लंडच्या गादीवर आणण्यासाठी बंड केलं. त्यांचा म्होरक्या होता ओडो, या भावांच्या बापाचा सावत्र भाऊ, म्हणजे काकाच म्हणा. बंड फसलं.

११०० मध्ये इंग्लंडचा राजा विल्यम शिकारीत बाण लागून मेला. हेन्रीने आधी खजिना ताब्यात घेतला आणि तिसऱ्या दिवशी राज्याभिषेक उरकला. ११०६ मध्ये त्याने रॉबर्टला लढाईत हरवलं आणि कैदेत टाकलं. रॉबर्ट ११३४ मध्ये मेला, तोही कैदेतच.

गेमच्या नकाशात भारतही आहे आणि १०६६ साली दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्याच ताब्यात होता. १०६८ मध्ये पहिला सोमेश्वर गेला आणि थोरला मुलगा, दुसरा सोमेश्वर, गादीवर आला. पण पराक्रमी होता धाकटा विक्रमादित्य. १०७६ मध्ये त्याने भावाला हटवून गादी घेतली आणि पुढची ५० वर्षं राज्य केलं.

म्हणजे इंग्लंडमध्ये वाटणी झाली म्हणून भाऊ भांडले आणि इथे सगळं थोरल्याला मिळालं म्हणून.

मग खेळाडू करतात काय?

शहाणा खेळाडू राजा जिवंत असतानाच आवराआवर करतो. दुसरं राज्य मुद्दाम उभं राहू देत नाही. धाकट्यांना बाहेरचा मुलूख जिंकून देतो. घराण्याची प्रतिष्ठा खर्च करून एखाद्याला वारसाहक्कातून काढतो किंवा मठात पाठवायचं बघतो. आणि काही जण सरळ पोटच्या पोराचा खून करवतात. ते उघड झालं, तर आप्तहत्येचा डाग आयुष्यभर चिकटतो.

पहिल्यांदा हे करताना कसंतरी वाटतं. चौथ्या पिढीपर्यंत तुम्ही पाळण्यातल्या बाळाकडे बघून मनात हिशोब करायला लागता, हा किती जिल्हे नेणार?

इतिहासाच्या पुस्तकात भावांची भांडणं वाचताना आपण चटकन एकाला दुष्ट ठरवून मोकळे होतो. या गेममध्ये ते जमत नाही. बाप दोघांना न्याय देऊन गेलेला असतो, धाकटा आपला हक्क मागत असतो, सरदार आपली जमीन सांभाळत असतो. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि तरी राज्य जळत असतं.

आणि त्या जळत्या राज्याच्या गादीवर तुम्ही बसलेले असता. तुम्हालाही दोन मुलं असतात.