हौदातली बोटे, गादीवरची बोटे

कुस्तीत सलामीपासून चितपटीपर्यंत बोटे सतत राबतात. त्यांचे दुखणे मात्र तालमीत फारसे मनावर घेतले जात नाही. चुरगळलेला कान पहिलवानाची खूण म्हणून मिरवतो, सुजलेल्या पेराला तो मान नाही. गेल्या शंभर वर्षांत हे दुखणे आणि त्यावरचा इलाज दोन्ही बदलले. इलाज मात्र गावोगावी सारख्या वेगाने पोचला नाही.

मातीतल्या कुस्तीच्या काळात पंजा घडवण्याचे काम आखाड्याचा हौदच करी. ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालून मळलेली तांबडी माती रोज फावड्याने उकरायची, म्हणजे डावाआधीच मुठीला मेहनत होई. वेताच्या मल्लखांबाने आणि मुद्गलाने पकड पक्की होई. घामाने निसटणाऱ्या अंगावर माती चोळून पकड घेता येई. जांघियाला किंवा लंगोटाला बोटे अडकवणे हा पकडीचा नित्याचा भाग होता, आणि बोट मुरगळण्याचे एक मोठे कारणही तेच.

मुरगळलेल्या बोटाचा वैद्य बहुधा वस्तादच असे. आंबेहळदीचा लेप, गरम तेल, नाहीतर हाडवैद्य. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव व्यायामशिक्षणाइतकेच हाडे बसवण्यासाठीही नावाजलेले होते.  विदर्भात भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी-तुमसर भागात मोहाची झाडे विपुल, त्यामुळे मोहाच्या बियांचे तेल सांध्यांना चोळणे तिथे नवलाचे नाही. जुन्या, आखडलेल्या सांध्याला अशा कोमट मालिशने बरे वाटते. ताज्या दुखापतीवर तीच मालिश सूज वाढवते. बोट ओढून ‘बसवण्याची’ सवय तर घातकच, कारण आत हाड मोडले आहे की नाही हे ओढणाऱ्याला दिसत नाही.

कुस्ती मातीवरून गादीवर आली तशी पकड बदलली. मल्ल खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा त्यांना गादीचा सराव जवळजवळ नव्हता. 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. पुढे 1961 पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली आणि कालांतराने तिच्यात माती व गादी असे दोन विभाग झाले. गादीवर कपडा धरता येत नाही, माती चोळता येत नाही. सारा भार मनगट धरण्यावर आणि दोन्ही पंजे एकमेकांत अडकवण्यावर येतो. आंतरराष्ट्रीय नियमांत बोटे पिळायला बंदी आहे. तरी सुटू पाहणाऱ्या हाताच्या हिसक्याने मधल्या पेराचे अस्थिबंध ताणले जातातच. ज्युदोत जाकिटाची कॉलर धरावी लागते, तिथे हा त्रास आणखी जास्त.

वैद्यकाचेही मत एका जागी थांबलेले नाही. अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी 1978 मध्ये विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे हे सूत्र मांडले. पुढे बर्फाने भरून येण्याचा वेग मंदावू शकतो, असे त्यांनीच म्हटले. वेदना कमी करायला थोडा वेळ बर्फ लावणे आजही चालते. साध्या मुरगळीत दुखरे बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधतात आणि दुखणे ओसरताच हळूहळू हलवू लागतात. फार दिवस जखडून ठेवल्यास मधले पेर आखडते. त्याची सूज काही महिनेही रेंगाळते. बोटाचे टोक सरळ होत नसेल, तर ते सहा ते आठ आठवडे पट्टीवर अखंड सरळ ठेवावे लागते. टोक आत वाकतच नसेल, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता असते. ही दुखापत अनामिकेला जास्त होते, आणि तिची शस्त्रक्रिया थोड्या दिवसांत झाली नाही तर अवघड होत जाते.

मोहाडीच्या मल्लापुढे अडचण विश्रांतीची. तालीम बंद ठेवता येते, धानाची रोवणी नाही. तिथल्याच आंधळगावच्या बाजूला कोष्ट्यांच्या घरी मागही थांबत नाही. म्हणून दोन बोटे पट्टीने बांधूनच चिखलात उतरावे लागते, पट्टी ओली झाली की बदलावी लागते, आणि जड ओझे दुसऱ्या हातावर घ्यावे लागते. वाकडे दिसणारे, बधिर झालेले किंवा अजिबात न हलणारे बोट असल्यास भंडाऱ्याला जाऊन एक्स-रे काढणे आणि गरज पडल्यास नागपूर गाठणे, हाच मार्ग उरतो. कुस्तीत परतताना आधी ओला कपडा पिळून मुठीची ताकद अजमावतात. बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडण्याचा सरावही करतात, कारण रोजच्या पकडीत मूठ आवळणारे स्नायू बळावतात आणि बोटे उघडणारे मागे राहतात. दोन्ही हातांची पकड सारखी वाटू लागली की हलक्या जोडीदाराशी जोर सुरू होतो.